धारोष्ण दूध आणि दोन बांगडे

सुलेमान तांडेलांची थोरली लेक खुर्शीद १९८४ साली रत्नागिरीतल्या एका मत्स्य प्रयोगशाळेत लागली. तेव्हापासून बापलेकीचं एकाच गोष्टीवरून वाजायचं: होडीत बर्फ न्यायचा की नाही.

"बर्फानं होडी भरली, तर मासळी काय डोक्यावर ठेवू? माझा बांगडा बंदराला ताजाच लागतो," सुलेमान म्हणायचे.

नाकाला कळत नाही ते डोळ्यांना दाखवायचं, असं खुर्शीदने ठरवलं. मासा मेला की वास सुटायच्या कितीतरी आधी त्याच्या मांसात हायपोझँथिन नावाचं द्रव्य साठू लागतं. झँथिन ऑक्सिडेज हे एन्झाइम नेमकं त्यालाच गाठतं आणि त्याचं यूरिक आम्ल करतं. सोबत निळा रंग घातलेला असला, तर तो गुलाबी होतो. पण परदेशातून मागवलेली एन्झाइमची कुपी वाटेतच तापून निकामी झाली.

हेच एन्झाइम दुधातल्या लोण्याच्या कणांना चिकटून असतं आणि घुसळल्यावर ताकात उतरतं. खुर्शीद घरचं म्हशीचं दूध घेऊन गेली. घुसळलं, ताकात क्षार घालून तळाशी बसलेला साका घेतला आणि निळ्या रंगासोबत हायपोझँथिनवर टाकला. रंग निळा तो निळाच. पुन्हा केलं, तरी निळाच!

रडकुंडीला येऊन तिने विचारलं, "अम्मी, दूध कसलं देतेस गं?"

"कसलं म्हणजे? चांगलं खळखळून उकळून देते!"

खुर्शीदने कपाळाला हात लावला आणि हसतच सुटली. उकळल्यावर एन्झाइम कुठलं जगायला! दुसऱ्या दिवशी ती गंगाराम गवळ्याच्या गोठ्यात जाऊन धारोष्ण दूध घेऊन आली. हायपोझँथिनच्या थेंबावर रंग गुलाबी झाला, तशी ती एकटीच टाळ्या पिटू लागली.

मग एके दिवशी तिने बापाच्या होडीत बर्फाची एक पेटी चढवलीच. होडी परतली तेव्हा बर्फातला बांगडा आणि उघड्यावरचा बांगडा, दोन्ही दिसायला सारखेच. सुलेमाननी दोन्ही हुंगले आणि छाती फुगवली. खुर्शीदने धक्क्यावरच दोन्हींचा अर्क काढून एन्झाइम आणि निळा रंग असलेल्या नळ्यांत घातला. खलाशी माना उंचावून बघू लागले. बर्फातल्याची नळी निळी राहिली. दुसरी बघता बघता गुलाबी झाली.

सुलेमाननी ती नळी उजेडात धरून पाहिली. मग त्यांनी लेकीच्या पाठीवर थाप मारली आणि साऱ्या धक्क्याला ऐकू जाईल असे आपल्या खलाशाला ओरडले, "अयूब! बर्फवाल्याला सांग, उद्यापासून आपली होडी रोज बर्फ नेणार. आणि ऐका रे सगळे, ही माझी पोर आहे!"