निकेलचा मुलामा

त्या दुष्काळाच्या वर्षी मी पाथर्डीच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. तुमचे आजोबा जहाजावर नोकरीला होते. शाळा सुटली की बोलायला माणूस म्हणजे भिंतीपलीकडच्या घरमालकीण मावशी, एवढ्याच.

पाण्यात वीज सोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे कसे होतात, ते मला मुलांना दाखवायचं होतं. प्लॅटिनमच्या पट्ट्या शाळेला परवडणाऱ्या नव्हत्या. लोखंडी पट्टीवर निकेलचा पातळ मुलामा चढवला, तर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात तीही ते काम करते. म्हणून सुटीच्या दिवशी मी खोलीत बरण्या मांडून बसायची.

मावशी दारात टेकून म्हणायच्या, "बाई, पानी न्हाई म्हणून गाव बोंबलतंय, अन् तुमी हाय ते फोडाया निघालात व्हय?"

"थेंबभरच फोडते, मावशी. बुडबुडे आले की पहिल्यांदा तुम्हालाच बोलावणार."

मुलामा देण्याआधी पट्टी ॲसिडात बुडवून भरपूर पाण्यानं धुवावी लागते. त्या घरात डाळीचं धुवण शेळीला जाई, अंघोळीचं पाणी लिंबाच्या झाडाला. माझं ॲसिडाचं पाणी मात्र कुणाच्याच कामाचं नव्हतं. माझा हात आखडायचा. वाटीभर पाण्यात मी भागवायची आणि मुलामा सुटून यायचा.

मावशींनी एकदा तो नखानं उचलून पाहिला. "भाकरीला असा पापुद्रा आला असता, तर सासूनं नावाजलं असतं तुमाला!"

दिवाळीनंतर त्यांचा मुलगा आणि सून ऊसतोडीला निघाले. तान्ह्या नातवाला सांभाळायला मावशीही निघाल्या. जाताना त्यांनी भरलेला रांजण दाखवला. "ह्ये आमच्या वाटचं. आता चिंगूसपना करू नगा."

पुढच्या रविवारी मी पट्ट्या मनसोक्त धुतल्या. मुलामा बसला, घासूनही हलला नाही. बॅटरी जोडली, तशी दोन्ही पट्ट्यांवरून बुडबुड्यांची रांग लागली. एकीवर कमी, दुसरीवर दुप्पट.

"मावशी, आले हो!" मी ओरडले.

मग पलीकडच्या दाराचं कुलूप आठवलं. बॅटरी उतरेपर्यंत मी एकटीच पाहत बसले.

सोमवारी वर्गात मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी फळ्याकडे वळून समीकरण लिहायला घेतलं.