नागपूरचे काका आणि बोस्टनची युद्धनौका

एका जहाजावर आमच्या शेजारच्या काकांइतका जीव टाकणारा माणूस अख्ख्या टेक्सासमध्ये सापडायचा नाही. आणि काका तर नागपूरचे, समुद्राशी जन्मजात फारकत! इथे टेक्सासमधल्या फ्रिस्कोला मुलाकडे राहायला आले, लायब्ररीत एक चित्र पाहिलं आणि बोस्टनच्या धक्क्याला अजून उभ्या असलेल्या अठराव्या शतकातल्या एका शिडाच्या युद्धनौकेच्या प्रेमात पडले. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणी मसालेभात वाढून घेऊ लागलं, की काका बाजूला हजर. "ओकचं लाकूड! इंग्रजांचे तोफगोळे आपटून पाण्यात पडायचे!" एकदा हे सांगताना त्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि आमची कढी सांडली, तर म्हणाले, "समुद्र खवळलाय." नात वैतागायची, "आजोबा, नॉट द शिप अगेन!"

मग हिवाळ्यात काकूंना पक्षाघाताचा झटका आला. हॉस्पिटलमधून घरी आल्या, पण उजवा पाय उचलेना. थेरपिस्ट आली की भिंतीकडे तोंड करायच्या. "झालं माझं आता," एवढंच बोलायच्या.

एका सकाळी पाहतो तर ड्राइव्हवेवर वॉकर धरून काकू उभ्या आणि समोर घडीची खुर्ची घेतलेले काका. मी धावत जाऊन काकूंच्या मागे उभा राहिलो.

"अगं, वारा पडला होता," काका सांगत होते. "मागे शत्रूची जहाजं, वर शिडं लुळी. खलाशांनी नांगर होडीत घातला, पुढे नेऊन टाकला आणि दोर ओढत जहाज तिथवर नेलं. मग परत पुढे. अशी निसटली आपली नौका!" त्यांनी खुर्ची जराशी पुढे ठेवली. "नांगर टाकला! चल!"

"अहो, मी काय जहाज आहे?" काकू भडकल्या. पण त्या रागातच पाय उचलला गेला. त्या खुर्चीत टेकल्या. उन्हाळा लागेपर्यंत ती खुर्ची रोज थोडी पुढे सरकत मेलबॉक्सपर्यंत गेली, मग कोपऱ्यावरच्या पार्कपर्यंत.

पानं रंगली तेव्हा मी दोघांना बोस्टनला घेऊन गेलो. विमानभर बडबडणारे काका त्या डोलकाठ्यांखाली टोपी काढून नुसते उभे राहिले. काकूंनीच काठी सावरत त्या काळ्या लाकडावर तळवा ठेवला.

"एवढी मोठी? हातांनी ओढली?"

"हो," काका हळूच म्हणाले. "वारा येईपर्यंत."

आता दोघं नागपूरला परत गेलेत. परवा फोनवर काकू म्हणाल्या, "मी देवळापर्यंत चालत जाते रे आता. हेच मागे राहतात. मग थांबते मी."