मर्वच्या गॅरेजमधून निघालेल्या गाड्या

टॅलबुरा गावात गाडी दुरुस्तीला कुठे द्यावी, हा प्रश्न चाळीस वर्षं कुणाला पडला नाही. मर्व हॅनिगनकडे द्यायची. जुना पार्ट तो पुसून तुमच्या हातात ठेवायचा, कुठे झिजलाय ते बोट लावून दाखवायचा. झिजला नसेल तर बदलायचा नाही. "अजून दोन हंगाम चालेल. घरी जा, मला जेवू दे."

विद्यापीठातून परत येऊन मी गावाच्या वाचनालयात लागले, तेव्हापासून दुपारचा डबा त्याच्याकडे खायचे. बायको गेल्यापासून तो एकटाच जेवायचा. म्हणायचा, "एवढी पुस्तकं वाचलीस, ऑइल बघायची सळी कुठे असते ते सांग बघू." मला सांगता यायचं नाही. तो खूश व्हायचा.

दोन वर्षांपूर्वी बेकरीवाल्याच्या पिकअपच्या चाकाचे नट सैल निघाले. चाक मर्वनेच बसवलं होतं. बेकरीवाल्याने स्वतःच ते आवळले आणि मर्वला काही सांगितलं नाही. पुढे आणखी दोघांचं तसंच झालं. मग रीतच पडली. मर्वकडून गाडी घ्यायची, त्याला हात करायचा, आणि हळू चालवत पुढच्या गावच्या मेकॅनिककडे, ट्रेंटकडे, तपासून घ्यायची. सगळे तसं करत. मीही. गॅरेज सुटलं तर म्हाताऱ्याकडे उरतं काय, असं आम्ही आपसांत बोलायचो. बोलताना बरं वाटायचं.

फेब्रुवारीत शाळेत नवी शिक्षिका आली, ब्रिओनी. वाचनालयात तिने मला विचारलं, विश्वासाचं गॅरेज कुठलं? मी म्हटलं, मर्वचं. ट्रेंटचं सांगायचं राहिलं. राहिलं असं मी म्हणते. खरं तर नव्या माणसासमोर मर्वची अब्रू काढायची नव्हती.

ब्रेकच्या कामासाठी मर्वने तिच्या गाडीची चाकं काढली, परत बसवली. शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती आईकडे निघाली. गव्हाच्या कोठारांपाशी वळणावर पुढचं चाक निखळलं. ती जागीच गेली.

गावात लगेच सुरू झालं, रस्ताच खराब, पोरगी वेगात असेल. पोलिसांना मर्व म्हणाला, चाक मी बसवलं, नट आवळल्याचं आठवत नाही. मोडलेली गाडी ट्रेंटच्या आवारात नेली होती. मर्व ती बघायला गेला, तेव्हा ट्रेंटने त्याला सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तो वाचनालयात आला. आजवर कधी आला नव्हता.

"तुझी गाडीपण जायची ट्रेंटकडे?"

"हो."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या."

खुर्चीची पाठ धरून तो उभा राहिला.

"एकानं जरी सांगितलं असतं, तर त्याच दिवशी कुलूप लावलं असतं मी."

आवाज चढला नव्हता.

आठवड्याने ब्रिओनीची आई तिचं सामान न्यायला आली. मर्वला तिला भेटायचं होतं. त्याने गाडी चालवणं सोडलं होतं, म्हणून मी घेऊन गेले. हातांतला जोर गेल्याचं, विसरण्याचं, नटांचं, त्याने तिच्यापासून काही लपवलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, तिला तुमच्याकडे पाठवलं कुणी?

मी शेजारीच बसले होते.

"कुणी नाही," मर्व म्हणाला. "बोर्ड बघून आली."

त्याच्या गॅरेजला कधीच बोर्ड नव्हता. मी काही बोलले नाही.