आईचा हात आणि टाकीवरची घार

समजा, तुम्हाला कॅमेरा निवडायचा आहे. साधासुधा नाही, लांबचं जवळ आणणारा, सुपरझूम. दुकानदारानं काचेवर पाच-सहा कॅमेरे ओळीनं मांडलेत आणि प्रत्येकाच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलंय : पन्नास पट, साठ पट, ऐंशी पट. आता तुम्हीच सांगा, कशाच्या पट?

मायक्रॉनचं डोकं पहिल्यांदा फिरलं ते इथेच.

"साहेब, पट म्हणजे पट. जितके जास्त तितकं जवळ," दुकानदार म्हणाला.

"मुळीच नाही. पट म्हणजे याच कॅमेऱ्यात सगळ्यात रुंद दिसतं त्याच्या किती पट. सुरुवातच वेगळी असेल तर दोन साठ पटवाले कॅमेरे सारखे पोचणार नाहीत. आणि हा डिजिटल झूम तर निव्वळ फसवणूक! आहे तोच फोटो ताणून मोठा करतो."

"मग साहेब, घ्यायचा कुठला?"

"तेच तर विचारतोय ना तुम्हाला!"

मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे त्याचं कारखान्यातलं नाव. मोजमापाची साधनं तपासण्याच्या खोलीत तो काम करायचा. बाकीचे कामगार ज्या गेजनं यंत्रांचे भाग मोजत, ते गेज खरं बोलतंय की खोटं, हे तो ठरवायचा. त्या खोलीची खिडकी कधी उघडत नसे आणि कशालाही उघड्या हातानं शिवायची मुभा नव्हती. हाताच्या उबेनंसुद्धा पोलाद किंचित फुगतं. नव्यानं आलेल्या प्रत्येकाला तो पहिल्याच दिवशी बजावायचा, "हात आला की चूक आली."

कॅमेरा त्याला स्वतःसाठी नको होता. हवा होता त्याच्या आईला. तिनं उभा जन्म टेलिफोन खात्यात काढला आणि सुट्टीचा प्रत्येक दिवस गळ्यात कॅमेरा अडकवून तळ्याकाठी. आता गुडघ्यांनी हात टेकले होते, चिखल तुडवणं बंद झालं होतं. पण तिच्या खोलीच्या खिडकीसमोर, रस्त्यापलीकडे पाण्याची उंच टाकी होती आणि टाकीच्या कठड्यावर घारीनं घरटं केलं होतं. दोन पिल्लं. पंख फडफडवून बघायला लागली होती.

"ती उडायच्या आत मला त्यांचा फोटो हवाय," आईनं सांगितलं होतं. "डोळ्यातली चमक दिसेल असा. मला आता जवळ जाता येत नाही, तर तू दूरचं जवळ आणून दे."

एवढं साधं मागणं. पण मायक्रॉननं त्याची परीक्षा करून टाकली. तो रोज कामावरून परस्पर दुकानात जायचा, स्वतःचं जड स्टँड घेऊन. कॅमेरा त्यावर घट्ट आवळायचा, समोरच्या दाताच्या डॉक्टरांच्या पाटीवर रोखायचा, टायमर लावायचा आणि फोटो निघेपर्यंत दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. मग पाटीवरचं सगळ्यात बारीक अक्षर मोठं करून बघायचं. दुपारचं ऊन असलं तर डांबरावरची गरम हवा मध्ये हलते म्हणून तो निकाल रद्द. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

"साहेब, त्या डॉक्टरांनी विचारलं मला, कोण पाळत ठेवतंय म्हणून," दुकानदार काकुळतीला आला.

घरी बायको म्हणाली, "अहो, आपलं लग्नसुद्धा याच्यापेक्षा लवकर ठरलं होतं."

आई खिडकीतून वळून बघतसुद्धा नव्हती. "अरे, मोठं पिल्लू आज कठड्यावरून पार पाइपावर गेलं. तू बस पाट्या वाचत."

शेवटी ऐंशी पटवाला जिंकला. पाटीवरचा फोन नंबर त्यात असा दिसला की पुसट झालेला आकडाही वाचता आला. मायक्रॉन विजयी मुद्रेनं खोकं घेऊन घरी आला.

आईनं कॅमेरा हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं, "डोळा कुठे लावू?"

"डोळा नाही लावायचा. मागे स्क्रीन आहे ना."

खिडकीत उजेड एवढा होता की स्क्रीनवर आईला स्वतःचाच चेहरा दिसला. तिनं हात लांब करून झूम दाबला. आधी टाकी आली, मग आकाश आलं, मग नुसतंच आकाश. तिच्या हाताला गेल्या वर्षापासून बारीक कंप होता. चहाचा कप बशीत ठेवताना थोडा चहा सांडायचाच. इतक्या लांबच्या झूमला तो कंप म्हणजे भूकंप. टाकी उजवीकडून यायची आणि डावीकडे निघून जायची.

"थांब, स्टँड लावतो," मायक्रॉन म्हणाला.

स्टँड लागलं, स्क्रू आवळले. पिल्लू उडी मारून कठड्याच्या दुसऱ्या टोकाला गेलं. स्क्रू सैल केले, पुन्हा आवळले. पिल्लू परत आलं.

"घार काय तुझं गेज आहे, ठेवलं तिथे पडून राहायला?" आई कडाडली. "इतके दिवस तपासलंस, एकदा तरी हातात धरून बघितलास?"

मायक्रॉननं स्क्रूवरचा हात काढला. नव्हता बघितला. चूक होऊ नये म्हणून त्यानं हातच वगळला होता, आणि कॅमेरा तर हातासाठीच घ्यायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लहान पिल्लू एकटंच दिसलं. मोठं गेलं होतं. आईनं चप्पल घातली, मायक्रॉनच्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "चल दुकानात. स्टँड घरी ठेव."

दुकानदारानं मायक्रॉनला पाहून कपाळाला हात लावला, पण आईला खुर्ची दिली. "मावशी, बदलून देतो. फक्त यांना बाहेर उभं करा."

आईनं एकही खोकं वाचलं नाही. एकेक कॅमेरा उचलला, डोळ्याला लावला, कोपर बरगड्यांशी टेकवलं आणि रस्त्यावरच्या कावळ्यामागे फिरवला. साठ पटवाल्याला डोळा लावायला खिडकी होती. शिवाय त्याला एक बटण होतं. दाबून धरलं की झूम क्षणभर मागे यायचा, हरवलेला पक्षी सापडायचा, आणि सोडलं की परत तिथेच जायचा.

"हा," आई म्हणाली.

"आई, याच्यात पाटीची अक्षरं कडेला फाटतात. मी तपासलंय."

"मला पाटीचा फोटो नकोय."

घरी येताच ती खिडकीत बसली. कोपरं चौकटीवर, कॅमेरा भुवईशी घट्ट. लहान पिल्लू कठड्यावर होतं. आईनं श्वास सोडला आणि पुढचा रोखून धरला. खटका वाजला. पिल्लानं पंख उघडले, टाकीपासून सुटलं आणि छपरांमागे गेलं. दुसरा फोटो मिळालाच नाही.

मायक्रॉननं तो एकुलता एक फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला. आणखी मोठा केला. पिसाची कड सुरीसारखी. डोळ्यात खिडकीएवढी चमक. त्यानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. इतक्या लांबून, थरथरत्या हातानं, हे निघायलाच नको होतं. कॅमेऱ्यात हाताचा कंप आवरण्याची सोय होती, हे त्याला माहीत होतं. पण ती सगळंच आवरत नाही, हेही माहीत होतं.

मागून आई चहा घेऊन आली. कप टेबलावर ठेवताना बशीत थोडा चहा सांडला.

"आई, तुझा हात हलतो ना?"

"दिसत नाही का? बशी बघ."

"मग फोटो का नाही हलला? म्हणजे, यात कॅमेऱ्याचं किती आणि तुझं किती, हे मोजायचं तरी कसं?"