करडा चौकोन

गेवराईच्या सायबर कॅफेत तो माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसला होता. एकदाच भेटला. नाव मी विचारलं नाही.

आखातात माझा धाकटा भाऊ राहायचा त्या कामगारांच्या छावणीला आग लागली होती. त्याचा फोन लागत नव्हता. बातमीचा व्हिडिओ उघडला, तर चित्राच्या जागी करडा चौकोन आणि व्हिडिओ चालवणारं प्लग-इन नसल्याची इंग्रजी ओळ. मी शून्यातून उभं केलेलं दुकान भाऊ न विचारता सोडून गेला, म्हणून दोन वर्षं मी त्याच्याशी बोललो नव्हतो. राग अजून होताच, पण ते पान मी पुन्हा पुन्हा उघडत होतो.

“माझा भाऊ आहे तिथं,” मी पुटपुटलो. शेजारचा उठला. त्यानं रुमालानं माऊस पुसला, प्लग-इन डाऊनलोड केलं आणि बातमीचं पान बंद केलं.

“बंद कावून केलं बे?” मी ओरडलो.

“नवं प्लग-इन बसायला आधी सगळं बंद करावं लागतं, शेठ.”

पान पुन्हा उघडलं. चौकोनात व्हिडिओ सुरू करायचा बाण आला. त्यानं माऊस माझ्याकडे सरकवला.

“शेवटचं बटण मी न्हाई दाबत. माणूस तुमचा हाय.”

मग खुर्ची फिरवून त्यानं पाठ केली.

बाजारात कुणाला न भिणारा मी त्या बाणाकडे बघत राहिलो. करडा चौकोनच बरा होता, असं वाटलं. शेवटी दाबलं. धूर, पळापळ, मग रस्त्याकडेला बसवलेली माणसं.

“दिसले का?” त्यानं मान न वळवता विचारलं.

“बसलाय हरामखोर. चहा पितोय,” मी म्हणालो, आणि मला रडू आवरेना.

माझे डोळे पुसून होईपर्यंत त्यानं वळून बघितलं नाही.