कौसाबाईंच्या वेलावरचे घरजावई

खानदेशातल्या कोरीट गावात छगन हे गृहस्थ घरजावई म्हणून राहत असत. मूळचे ते म्हसावदचे. स्वभावाने गरीब आणि भुकेने श्रीमंत होते. पत्नी शोभाबाई, सासू कौसाबाई आणि एक म्हैस, एवढे कुटुंब होते. त्यात म्हशीचा मान छगन यांच्याहून वरचा होता, कारण ती दूध देत असे.

एकोणीसशे चौतीस सालच्या उन्हाळ्यात कौसाबाईंनी विहिरीच्या थारोळ्याजवळ, मोटेचे पाणी पडते तेथे, गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, बिया टोचल्या. श्रावणात कानबाई देवीच्या रोटाला, म्हणजे नैवेद्याला, घरच्याच वेलाचे गंगाफळ असावे, असा त्यांचा नेम होता. वेल पसरले, फुले आली. काही फुलांच्या मागे बोराएवढे फळ होते. त्यांना कौसाबाई ‘लेकुरवाळी’ म्हणत. बाकीची फुले नुसत्या लांब देठावर डोलत उभी राहत.

“जवाईबापू, ह्या फुलं नुसता रस पितस, फळ काही देतस नहीत,” कौसाबाई म्हणाल्या. “ह्या घरजवाई शेतस. रोज तोडी टाका.”

“मामी, ऱ्हाऊ द्या ना बिचारासले.”

“तुमले काबर झोंबस?”

छगन यांनी फुले तोडली. संध्याकाळी त्यांचीच भजी ताटात आली. ती चविष्ट होती, म्हणून छगन यांना अधिकच वाईट वाटले.

असे रोज चालले. पण लेकुरवाळ्या फुलांची फळे पिवळी पडून गळू लागली. कौसाबाईंनी दृष्ट काढायला वेलांवरून मिरच्या उतरवून टाकल्या, शेणकाला घातला. उपयोग झाला नाही. शेवटी त्यांची नजर छगन यांच्यावर स्थिरावली.

“तुन्हाच हात वाईट शे!” रागाच्या भरात त्यांनी जावयाचा आदर सोडला. “रोटले मन्हा वेलनं गंगाफळ नही ऱ्हायनं, तर म्हसावदनी वाट धर.”

म्हसावदला भावांच्या घरी छगन यांना ओटासुद्धा मिळण्याची आशा नव्हती. शोभाबाई पदरात तोंड घालून बसल्या.

एक वेल गोठ्याच्या छपरावर चढला होता. कौसाबाईंना छपरावर चढता येत नसे, म्हणून तेथील फुले तोडण्यास त्या छगन यांनाच धाडीत. छगन वर जाऊन दोन-चार फुले खाली टाकीत आणि “झायं, मामी!” असे ओरडत. बाकीची सर्व तशीच राखीत. त्यात शहाणपण काही नव्हते. आपल्यासारख्या आश्रितांवर आपल्याच हाताने कुऱ्हाड चालवावी, हे त्यांना जमेना, इतकेच.

पुढे नंदुरबारचे भाजीचे व्यापारी हबीबभाई वांगी घ्यायला आले आणि छपराकडे बघत राहिले. “काय हो कौसाबाई, जमिनीवर दुष्काळ आणि छपरावर बरसात?”

पानांआड घागरीएवढे गंगाफळ बसले होते. गोठ्याला लागून असलेल्या वेलांवरही पानांखाली कोवळी फळे धरली होती. छगन यांचा चेहरा चोरी उघडी पडल्यासारखा झाला. फळ दाखवावे तर राखलेली फुलेही उघडी पडतील, या भीतीने त्यांनी ते लपवले होते; आता सर्व कबूल केले.

हबीबभाई पोट धरून हसले. “अहो, लांब देठाची ती नर फुलं! मधमाशी त्यांची भुकटी आणते, तेव्हा मादी फूल फळतं. तुमची म्हैस रेड्याशिवाय फळते का?”

“म्हैसनी गोष्ट अल्लग शे,” कौसाबाई लाजून म्हणाल्या. “झाडसले अशी थेरं काबर लागतस?”

“सगळ्यांना लागतात, बाई.”

कौसाबाईंनी वेलाकडे पाहिले, मग जावयाकडे; म्हसावदचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही.

कानबाईचा रोट, म्हणजे नैवेद्याची पोळी, कुळाबाहेर, अगदी जावयालाही, देत नसत, म्हणून छगन दरवर्षी ओट्यावर पिठले-भाकरी खात. त्या श्रावणातही रोट त्यांना मिळाला नाही. परंतु नैवेद्य होताच कौसाबाई स्वतः गंगाफळाच्या भाजीचा वाडगा घेऊन ओट्यावर आल्या.

“रोट कानबाईना, भाजी तुमनी, जवाईबापू.”

छगन यांनी धीर करून विचारले, “मामी, मंग आते घरजवाई फुलं तोडानी नहीत ना?”

“वेलवर कितला बी ऱ्हाऊ द्या,” कौसाबाई वाडग्यात आणखी एक पळी वाढत म्हणाल्या. “घरमा एकच पुरे शे.”