बाळंतिणीला चिंच

माझ्या मोठ्या भावानं दुबईच्या हॉटेलात नोकरी करता करता तिथंच काम करणाऱ्या एका इंडोनेशियाच्या मुलीशी लग्न केलं, तेव्हा सीमाभागातल्या आमच्या दुबलगुंडी गावात कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं अशी रीत. पण वहिनीचं माहेर समुद्रापलीकडं आणि तिथली आई थकलेली. मग आमच्या आईनं जाहीर केलं, हेच तिचं माहेर. बारसं उरकून भाऊ दुबईला परतला आणि वहिनी आईच्या ताब्यात आली.

आईच्या मते बाळंतिणीला दूध, तूप, डिंकाचे लाडू आणि हाळिवाची खीर. आंबट तिच्या नजरेलाही पडू नये. वहिनी मुकाट्यानं सगळं संपवायची. तिच्या देशात वडीलधाऱ्यांनी दिलेलं नाकारत नाहीत, आणि आमच्या आईला पेल्यात घोटभर राहिलेलं खपत नाही. दोघींच्या चांगुलपणात बिचारीच्या पोटाचे हाल झाले. ती सारखी मोरीकडं धावायची. ती वाळत गेली तसतसा आईचा पेला मोठा होत गेला.

आमच्याकडं बाळ बघायला आलेल्या बायका आधी बाळंतीण बघतात. एक म्हणाली, हिचं अंगच भरेना. दुसरी म्हणाली, हातापायांच्या काड्या झाल्या. वहिनीला मराठी येत नव्हतं, कन्नड तर नाहीच, पण नजर कळायला भाषा कशाला लागते? ती भर उकाड्यात शाल गुंडाळून बसायला लागली. एकदा ती आरशासमोर स्वतःचं मनगट दोन बोटांत धरून बघत होती. मला त्या बायकांचा संताप आला आणि आईचाही. पुढं अंगावरचं दूध आटायला लागलं, बाळ रडून लाल व्हायचं. तेव्हा मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. तिला आणि आईला हुमनाबादला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले.

बाईंनी सांगितलं, हिला दूध पचत नाही, बंद करा. मायेनं पाजलेल्या दुधानंच पोर वाळली, हे आईला सोसवत नव्हतं. दूध-खीर बंद झाल्यावर पोट सावरलं, पण वहिनीची अन्नावरची वासनाच उडालेली. ताट पुढं आलं की ती मान फिरवायची. शेवटी आईनं मला विचारायला लावलं, तुझ्या आईनं काय दिलं असतं?

वहिनी मोडक्या हिंदीत म्हणाली, ओली हळद वाटून, चिंच-गूळ घालून उकळलेलं पाणी. चिंच ऐकून आईचा चेहरा पडला. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. थोडं चालेल, त्या म्हणाल्या. आईनं उठून पाटा धुतला.

नेमक्या तेव्हाच शेजारच्या अक्का आल्या.

"बाळंतिणीला चिंच? कामून पोरीच्या जिवावर उठलीस?"

आईनं वाटणं थांबवलं नाही. "तिची आई असती तर हेच केली असती. तिला येता येईना, म्हणून तिच्या वाटचं मी करायलेय."

अक्का तोंड वाकडं करून तिथंच बसल्या. वहिनीनं ते गरम पाणी फुंकून फुंकून सगळं संपवलं आणि रिकामा पेला पुन्हा आईपुढं धरला. आमच्या घरात आल्यापासून तिनं काही मागितलं, ते पहिल्यांदाच.